कूपनलिकेचे पाणी आणि समीकरणाचा ताळेबंद

(विज्ञान शिक्षक, पंचायतींचे सचिव व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जांभ्या दगडाच्या प्रदेशात कूपनलिकेच्या पाण्याविषयी एक तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. पंपातून पडताना पाणी काचेसारखे स्वच्छ असते. कळशीत भरून घरी नेले आणि रात्रभर ठेवले की सकाळी त्याला तांबूस झाक येते व तळाशी गाळ बसतो. त्या पाण्याचा चहा काळपट होतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग उमटतात. हा लोहाचा प्रताप होय, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. पावसाळ्याच्या तोंडी अशाच पाण्याने भरलेल्या टाकीत नियमाप्रमाणे ब्लीचिंग पावडर टाकली जाते, वहीत नोंद केली जाते, आणि तासाभराने पाणी तपासले तर क्लोरीनचा मागमूसही लागत नाही. पावडर टाकणाऱ्याने कसूर केलेली नसते, मापही बरोबर असते. मग क्लोरीन गेला कुठे?

या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रकरणात दडलेले आहे, ते प्रकरण उच्च माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्यांचे सर्वांत नावडते असते. अल्कधर्मी द्रावणातील ऑक्सिडीकरण-क्षपणाची समीकरणे संतुलित करणे, असे त्याचे लांबलचक नाव. परीक्षेपुरते पाठ करावे आणि परीक्षेनंतर विसरावे, अशी त्याची योग्यता ठरून गेली आहे. वास्तविक हा एक साधा जमाखर्च आहे, आणि तो चुकला तर टाकीतील औषधाचे मापही चुकते.

प्रथम शब्दांचा अर्थ. एखाद्या द्रव्याने इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण, आणि इलेक्ट्रॉन मिळवणे म्हणजे क्षपण. एकाने गमावल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून या दोन क्रिया नेहमी जोडीने घडतात. शाळेत याचे प्रात्यक्षिक दाखविण्यास खर्च जवळजवळ नाही. उकळून थंड केलेल्या पाण्यात थोडे हिराकस विरघळवावे व त्यात चुन्याची निवळी ओतावी. हिरवट साका खाली बसू लागतो. हे फेरस हायड्रॉक्साइड होय. पेला उघडा ठेवला की साक्याचा वरचा थर प्रथम मळकट आणि मग तांबूस होत जातो. हवेतील ऑक्सिजनने लोहाच्या प्रत्येक अणूकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि फेरसचे फेरिक हायड्रॉक्साइड झाले. कूपनलिकेच्या पाण्यात रात्रभरात जे घडते ते हेच. जमिनीखाली हवा पोहोचत नाही म्हणून तेथे लोह फेरस स्वरूपात विरघळलेले राहते, आणि वर आल्यावर ते फेरिक होऊन गाळाच्या रूपाने बाहेर पडते.

आता हेच काम परमँगनेटकडून करून घेतले तर समीकरण कसे लिहावे? उदाहरण मुद्दाम परमँगनेटचे घेतले आहे, कारण या द्रव्याचा गावच्या पाण्याशी जुना संबंध आहे. १८९० नंतरच्या दशकात आग्रा येथे काम करणारे जीवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हॅनबरी हॅन्किन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला, आणि पुढे अनेक वर्षे साथ आली की विहिरीचे पाणी गुलाबी करण्याची प्रथा चालू राहिली. पटकीच्या जंतूंवर त्याचा काही परिणाम होतो, पण इतर जंतूंच्या बाबतीत ते भरवशाचे नाही. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी त्याची शिफारस आता केली जात नाही. पाण्यातील लोह व मँगॅनीज काढून टाकण्यासाठी मात्र ते जलशुद्धीकरण केंद्रांत आजही वापरले जाते.

परमँगनेटची एक खोड आहे. ते किती इलेक्ट्रॉन घेणार, हे द्रावण कोणत्या धर्माचे आहे यावर ठरते. तीव्र आम्लात ते ५ इलेक्ट्रॉन घेते आणि मँगॅनीजचा जवळजवळ रंगहीन आयन तयार होतो. उदासीन किंवा सौम्य अल्कधर्मी पाण्यात ते ३ इलेक्ट्रॉनांवर थांबते आणि मँगॅनीज डायऑक्साइडचा तपकिरी साका देते. अतितीव्र अल्कलीत एकच इलेक्ट्रॉन घेऊन हिरवे मँगनेट बनते, पण तो प्रकार गावच्या टाकीत उद्भवत नाही. प्रयोगशाळेतील अनुमापनात सल्फ्युरिक आम्ल घातलेले असते, म्हणून विद्यार्थ्याच्या डोक्यात ५ हा आकडा पक्का बसतो. टाकीत कोणी सल्फ्युरिक आम्ल घालत नाही. तेथे आकडा ३ आहे.

समीकरण संतुलित करण्याच्या रीती एकाहून अधिक आहेत. त्यांतील अर्धसमीकरणांची रीत शिकवण्यास सर्वांत सोयीची, कारण तीत प्रत्येक पायरीचे कारण सांगता येते. परमँगनेटचे अर्धे घ्यावे. डावीकडे परमँगनेट आयन, उजवीकडे मँगॅनीज डायऑक्साइड. मँगॅनीजचा अणू दोन्हीकडे एकेक आहे, ते ठीक. ऑक्सिजनचे अणू डावीकडे ४ व उजवीकडे २, म्हणजे उजवीकडे २ कमी पडतात. तेथे पाण्याचे २ रेणू मांडावेत. त्यामुळे उजवीकडे हायड्रोजनचे ४ अणू आले, म्हणून डावीकडे ४ हायड्रोजन आयन मांडावेत. आता विद्युतभार पाहावा. डावीकडे परमँगनेटचा उणे १ व हायड्रोजन आयनांचा अधिक ४, एकूण अधिक ३; उजवीकडे शून्य. डावीकडे ३ इलेक्ट्रॉन मांडले की भार जुळतो.

येथपर्यंतची मांडणी आम्लधर्मी आहे आणि येथेच पुष्कळ विद्यार्थी थांबतात. परंतु अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन आयन एवढ्या मोठ्या संख्येने मोकळे असूच शकत नाहीत. ते हिशेबाच्या सोयीसाठी उसने घेतलेले होते आणि उसने फेडावे लागते. जितके हायड्रोजन आयन तितकेच हायड्रॉक्साइड आयन दोन्ही बाजूंस मिळवावेत. दोन्ही बाजूंस सारखेच मिळवल्याने समतोल बिघडत नाही. डावीकडे ४ हायड्रोजन आयन व ४ हायड्रॉक्साइड आयन मिळून पाण्याचे ४ रेणू होतात. उजवीकडे पाण्याचे २ रेणू आधीच आहेत. दोन्हीकडून २ वजा केले की डावीकडे २ उरतात:

परमँगनेट आयन १ + पाणी २ + इलेक्ट्रॉन ३ → मँगॅनीज डायऑक्साइड १ + हायड्रॉक्साइड आयन ४

पाण्याचे रेणू दोन्ही बाजूंस तसेच ठेवून देणे ही परीक्षकांना नेहमी आढळणारी चूक. तिच्यामुळे समीकरण खोटे ठरत नाही, पण एकाच खात्यात जमा आणि खर्च दोन्हीकडे तीच रक्कम दाखविण्यासारखा तो प्रकार आहे. एकाच बाजूस हायड्रॉक्साइड मिळवणे ही चूक मात्र गंभीर होय. तिने भारही बिघडतो आणि अणूंची संख्याही.

लोहाचे अर्धे याहून सोपे आहे:

फेरस हायड्रॉक्साइड १ + हायड्रॉक्साइड आयन १ → फेरिक हायड्रॉक्साइड १ + इलेक्ट्रॉन १

परमँगनेटला ३ इलेक्ट्रॉन हवेत आणि लोहाचा एक रेणू एकच देतो, म्हणून हे दुसरे अर्धे तीनपट करावे आणि दोन्ही एकत्र करावीत. इलेक्ट्रॉन दोन्हीकडून जातात. हायड्रॉक्साइड आयन डावीकडे ३ व उजवीकडे ४, म्हणून उजवीकडे १ उरतो:

फेरस हायड्रॉक्साइड ३ + परमँगनेट आयन १ + पाणी २ → फेरिक हायड्रॉक्साइड ३ + मँगॅनीज डायऑक्साइड १ + हायड्रॉक्साइड आयन १

पडताळा घ्यावा. ऑक्सिजन डावीकडे ६, ४ व २ मिळून १२. उजवीकडे ९, २ व १ मिळून १२. हायड्रोजन दोन्हीकडे १०. भार दोन्हीकडे उणे १. हा पडताळा फळ्यावर विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा.

यावरून माप काढता येते. पोटॅशियम परमँगनेटचा रेणुभार १५८ व लोहाचा अणुभार सुमारे ५६. परमँगनेटचा १ रेणू लोहाच्या ३ अणूंना पुरतो, म्हणजे १ ग्रॅम लोहाला सुमारे ०.९४ ग्रॅम परमँगनेट लागते. ज्याने सवयीने आम्लधर्मी समीकरण वापरले त्याच्या हिशेबात १ रेणू ५ अणूंना पुरेल, आणि तो ०.५७ ग्रॅमच टाकेल. म्हणजे १०० भाग औषधाच्या जागी ६० भाग गेले आणि ४० भाग लोह पाण्यात तसेच राहिले. उलट अंदाजाने जास्त टाकले तर पाणी गुलाबी होते आणि लोक ते पीत नाहीत. समीकरणातील ३ आणि ५ यांमधील फरक असा ग्रॅममध्ये मोजता येतो. जाता जाता आणखी एक गोष्ट. या क्रियेत जो तपकिरी साका पडतो तो मँगॅनीज डायऑक्साइड, आणि दक्षिण गोव्यात सांगे-केपे भागातील ज्या मँगॅनीज खनिजाची एकेकाळी मुरगाव बंदरातून निर्यात होत असे, त्यातील एक मुख्य घटक तोच.

आता ब्लीचिंग पावडरकडे वळावे. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती तयार करतात. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये तिचे पेटंट घेतले. ही क्रियासुद्धा अल्कधर्मी ऑक्सिडीकरण-क्षपणाचाच नमुना आहे आणि विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात, कारण देणारा व घेणारा दोन्ही क्लोरीनच असतो. क्लोरीनच्या रेणूतील एक अणू इलेक्ट्रॉन घेऊन क्लोराइड होतो, दुसरा इलेक्ट्रॉन देऊन हायपोक्लोराइट होतो. दोन अर्धी वेगवेगळी लिहून जोडली की क्लोरीन १ व हायड्रॉक्साइड २ यांपासून क्लोराइड १, हायपोक्लोराइट १ व पाणी १ असा हिशेब लागतो. द्रावण गरम व तीव्र असेल तर हायपोक्लोराइटऐवजी क्लोरेट तयार होते, आणि त्याचेही समीकरण तितकेच नीट जुळते. समीकरण जुळले म्हणजे क्रिया तशीच घडते, असा अर्थ काढू नये. काय तयार झाले हे प्रयोग सांगतो. किती झाले हे समीकरण सांगते.

पाण्यात पडल्यावर हायपोक्लोराइट इलेक्ट्रॉन घेण्याचे काम करते:

हायपोक्लोराइट आयन १ + पाणी १ + इलेक्ट्रॉन २ → क्लोराइड आयन १ + हायड्रॉक्साइड आयन २

हे इलेक्ट्रॉन ते कोणाकडून घेते? जंतूंकडून घ्यावेत अशी अपेक्षा असते. परंतु पाण्यात फेरस लोह असेल तर ते आधी पुढे सरसावते. वरील अर्ध्याला लोहाचे अर्धे दुप्पट करून जोडले की पुढील समीकरण मिळते:

फेरस हायड्रॉक्साइड २ + हायपोक्लोराइट आयन १ + पाणी १ → फेरिक हायड्रॉक्साइड २ + क्लोराइड आयन १

हायपोक्लोराइटचा एक आयन क्लोरीनच्या एका रेणूच्या, म्हणजे ७१ भाग क्लोरीनच्या बरोबरीचा मानतात. लोहाचे २ अणू म्हणजे सुमारे ११२ भाग. म्हणून १ ग्रॅम लोह सुमारे ०.६३ ग्रॅम क्लोरीन खाऊन टाकते.

आता २०,००० लिटरची टाकी घ्यावी. १,००० लिटरला २.५ ग्रॅम पावडर या प्रचलित मापाने ५० ग्रॅम पावडर टाकली. ताज्या पावडरीत उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो, पण हवा, उजेड व दमट हवामान यांमुळे तो उडत जातो. उघड्या पोत्यातील पावडरीत २५ टक्के उरला आहे असे धरू. म्हणजे टाकीत १२.५ ग्रॅम क्लोरीन गेला. पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम लोह असेल, तर टाकीत एकूण २० ग्रॅम लोह आहे, आणि त्याला १२.६ ग्रॅम क्लोरीन लागतो. जंतूंच्या वाट्याला काहीच उरत नाही. तासाभराच्या संपर्कानंतर दर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा, हा दंडक. येथे शिल्लक शून्य. कसूर माणसाची नव्हती, ती मापाची होती. कारण ते माप लोहविरहित पाण्यासाठी आहे. कुजलेला पालापाचोळा व अमोनिया हेही क्लोरीन खातात, पण त्यांचा हिशेब इतका सरळ नाही.

यावर दुप्पट पावडर टाकावी, हा उपाय सुचतो खरा. तो वाईट नाही, पण महागडा आहे, आणि लोहाचा गाळ टाकीतच राहतो. जे काम हवा फुकट करते ते क्लोरीनकडून का करून घ्यावे? हवेचे समीकरण असे:

फेरस हायड्रॉक्साइड ४ + ऑक्सिजन १ + पाणी २ → फेरिक हायड्रॉक्साइड ४

३२ भाग ऑक्सिजन २२४ भाग लोहाला पुरतो, म्हणजे १ ग्रॅम ऑक्सिजन ७ ग्रॅम लोहाला. वरील टाकीतील २० ग्रॅम लोहाला ३ ग्रॅमहून कमी ऑक्सिजन लागेल. हवेशी नीट मिसळलेल्या पाण्यात आपल्याकडच्या तापमानास दर लिटरला ७ ते ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, म्हणजे त्या टाकीत १४० ग्रॅमहून अधिक. तेव्हा ऑक्सिजनची वाण नाही. मग पाणी लगेच तांबूस का होत नाही, त्याला रात्र का लागते?

या ठिकाणी द्रावणाचा धर्म पुन्हा आडवा येतो. जांभ्याच्या प्रदेशातील पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. त्यात लोह हायड्रॉक्साइडच्या रूपात नसून मोकळ्या फेरस आयनाच्या रूपात असते, आणि समीकरण उसने न फेडता आम्लधर्मी मांडणीतच लिहावे लागते. फेरस आयन ४, ऑक्सिजन १ व पाणी १० यांपासून फेरिक हायड्रॉक्साइड ४ व हायड्रोजन आयन ८. म्हणजे लोहाच्या प्रत्येक अणूमागे २ हायड्रोजन आयन पाण्यात भर घालतात आणि पाणी अधिकच आम्लधर्मी होऊ पाहते. हवेने होणाऱ्या या ऑक्सिडीकरणाचा वेग पीएच एका अंकाने उतरला की सुमारे शंभरपटीने मंदावतो, आणि एका अंकाने चढला की तितक्याच पटीने वाढतो. क्रिया स्वतःच्याच पायात खोडा घालते, तो हा असा.

म्हणून उपाय दुहेरी आहे. पंपाची नळी टाकीच्या तळाशी न सोडता वर आणावी, आणि पाणी छिद्रे पाडलेल्या, खडी भरलेल्या दोन-तीन तबकांवरून पडू द्यावे. त्याने ऑक्सिजन मिसळतो आणि पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन पीएच थोडा वाढतो. तेवढ्याने भागत नसेल तर चुन्याची निवळी घालावी. केवळ लोहामुळे निर्माण होणारे आम्ल मारण्यास दर ग्रॅम लोहामागे १.३ ग्रॅम विरलेला चुना पुरतो; पाण्यात उरलेला कार्बन डायऑक्साइड आपला वाटा वेगळा मागतो, यास्तव प्रमाण दर्शक कागदाने पाहून ठरवावे. पुढे वाळूच्या थरातून पाणी गाळले की तांबडा गाळ तेथेच अडकतो. ब्लीचिंग पावडर टाकायची ती गाळल्यानंतर, आधी नव्हे. पीएच फार वाढू देणेही बरे नाही. पीएच ७.५ च्या आसपास क्लोरीन निम्मा हायपोक्लोरस आम्लाच्या व निम्मा हायपोक्लोराइटच्या रूपात असतो, ८.५ ला सुमारे नऊ-दशांश हायपोक्लोराइट होतो, आणि जंतू मारण्याची ताकद हायपोक्लोरस आम्लात कितीतरी अधिक आहे.

आम्लाचा विषय निघाला तेव्हा एक इशारा येथेच दिला पाहिजे. टेनंट यांची क्रिया आम्लात उलटी फिरते. क्लोराइड, हायपोक्लोराइट व हायड्रोजन आयन एकत्र आले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत कदापि मिसळू नये, दोन्ही एकाच फळीवरही ठेवू नयेत. बंद न्हाणीघरात हा वायू घातक ठरतो.

पावडर कशी टाकावी हे बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात असे. एका बादलीत १०० ग्रॅमहून अधिक पावडर घेऊ नये. थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करावा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुना खाली बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून तीच टाकीत किंवा विहिरीत सोडावी. साका टाकून द्यावा. दिवसाचा उपसा संपल्यावर रात्री हे काम करणे सोयीचे.

राहता राहिली तपासणी. ऑर्थोटोल्युडीनच्या थेंबांनी पिवळा रंग येणे, ही क्लोरीन असल्याची खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. हे रसायन आरोग्यास अपायकारक असल्याने त्याऐवजी पुष्कळ ठिकाणी गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी वापरतात. पण तांबड्या पाण्याच्या बाबतीत एक फसगत संभवते. फेरिक लोह ऑर्थोटोल्युडीनला पिवळा रंग देते, आणि ऑक्सिडीकृत मँगॅनीज तर दोन्ही कसोट्यांना चकवते. त्यांनाही इलेक्ट्रॉन घेता येतात आणि रंग येतो तो इलेक्ट्रॉन दिल्याने. घेणारा कोण, हे रंग सांगत नाही. म्हणून दोन पेले घ्यावेत. एकात पावडर टाकलेल्या टाकीचे पाणी, दुसऱ्यात त्याच कूपनलिकेचे, पावडर न टाकलेले व एक दिवस उघडे ठेवलेले पाणी, गाळासकट हलवून. दोन्हींत सारखेच थेंब घालावेत. दुसरा पेलाही पिवळा झाला, तर पहिल्यातील पिवळेपणा क्लोरीनचा मानू नये. पाणी वाळूतून गाळून पुन्हा तपासावे आणि तोवर वहीत शिल्लक क्लोरीनची नोंद करू नये.